मध्ये कुणी नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

फळीवर हिरवा दिवा लागला! साखरेचा डबा सरकवून नातीने आणलेल्या छोट्या कॉम्प्युटरच्या पेटीला जागा केली. नातीने बजावलं — ओलं फडकं लावायचं नाही, आणि हिची वायर काढून मिक्सर लावायचा नाही. म्हटलं, म्हणजे घरी जावईच आला म्हण की! तो नुसता बसणार, आपण जपायचं.

नात खूप हसली. हसली की अगदी माझ्यासारखी दिसते. सगळे म्हणतात. सून म्हणत नाही.

कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे ती, तिकडेच खोली घेऊन राहते. अशा पेट्या तिने ब्यूरोच्या बायकांच्या घरीही बसवल्यात. ब्यूरो म्हणजे आया पुरवणारं ऑफिस. कुणाकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की तिथे फोन करायचा, ते बाई पाठवतात. माझी सून त्यातलीच एक. आणि मुलगा ब्यूरोची गाडी चालवतो — बायकांना कामाच्या नाक्यावर सोडायचं, परत आणायचं. म्हणजे आमची चूल ब्यूरोवरच पेटते.

जोडाक्षरं लिहिताना हात अडतो. तिसरीत शाळा सुटली ती सुटली. नात म्हणते, "आजी, जेवढं बोलतेस तेवढं लिही, पुस्तक होईल." पुस्तक कशाला! पण बरं वाटतंय लिहायला. मध्येच कुणी "हो का, बरं बरं" म्हणून उठून जात नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी कशासाठी ते लिहायचंच राहिलं. मी ही अशी. मीठ आणायला निघते आणि सगळ्या गावाची खुशाली विचारून रिकाम्या हाताने परत येते.

तर गेल्या वर्षी बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. कुठलं घर कसं ते त्यात सांगायच्या. हे घर चांगलं, वेळेवर चहा देतात. ते घर वाईट, म्हातारा नको तिथे हात लावतो आणि त्याचा मुलगा पेपर वाचत बसतो. कामाला जायच्या आधी बाईला कळायला नको? विहिरीत उतरताना पाणी किती ते बघतोच ना माणूस. पण तो ग्रुप कसा कोण जाणे मॅडमच्या हाती लागला. मॅडम म्हणजे ब्यूरोच्या मालकीण. ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्यांचं काम बंद! एकीचा तर नवरा पडून होता तेव्हा. ती कुठे गेली, कुणाला माहीत नाही.

तेव्हा नात तावातावाने म्हणाली, "तुमचं बोलणं दुसऱ्याच्या घरात ठेवलं की हेच होणार. घरमालक वाटेल त्याला दार उघडून देतो." म्हणून हिने ही साखळी केली. ब्लॉकचेन म्हणतात, मी साखळी म्हणते. हिला मालकच नाही. बायकांचं बोलणं बायकांच्याच पेट्यांत. मध्ये कुणी नाही. हे ती इतक्यांदा म्हणते — मध्ये कुणी नाही, आजी, मध्ये कुणी नाही — जेवताना घास हातात धरून म्हणते. गार होतं जेवण.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्याजणी आमच्याकडे जमल्या. नातीने शिकवलं. तिची भाषा कुणालाच कळेना, मग मीच तोंड घातलं. म्हटलं, लग्नाचं बघा. सगळ्या गल्लीने लग्न पाहिलंय. आता एखादा उठून म्हणाला लग्न झालंच नाही, तर चालेल? तसं, एकीने लिहिलं की सगळ्यांच्या पेट्यांनी पाहिलं. मग पुसणार कोण? पण बाहेरच्याला नुसतं गाठोडं दिसतं. आत काय ते नाही.

नात म्हणाली, "आजी, तू उद्यापासून माझ्या ऑफिसात ये." मी फुगले! लपवायला चहा टाकायला उठले.

"पण कुणी लिहिलं ते?" शिडीने विचारलं. शिडी म्हणजे उंच बाई. माळ्यावरचं काही काढायचं असलं की सगळे तिला हाक मारतात.

"ते कुणालाच दिसत नाही. आपल्यातलीच कुणीतरी, एवढंच कळतं."

"आणि फोन हिसकावला तर?"

"तरी नाही. कुठलं तुमचं ते दिसायला बारा शब्द लागतात, प्रत्येकीचे वेगळे. ते कुठे लिहायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत. नवऱ्यालाही नाही."

"नवऱ्याला मी पगारसुद्धा सांगत नाही," रेडिओ म्हणाली. तिला रेडिओ का म्हणतात ते लिहायला नकोच.

मलाही घेतलंय साखळीत. मानाची मेंबर!

१२ फेब्रुवारी

सकाळी रेडिओ आली ती दार लावूनच आत आली. "आजी, माझ्या घराची चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे." दारामागच्या खिळ्यांवर निम्म्या आळीच्या चाव्या लटकतात.

"मग ही कुठे ठेवू मी?" आणि धडाधडा बारा शब्द म्हणून मोकळी! "माझ्या डोक्यात राहायचे नाहीत. राहिले तर तोंडातून बाहेर येतील. तुम्ही ठेवा."

नाही कशी म्हणू? विश्वासाने आली बाई.

लक्षात कसे राहणार — तर मी गोष्ट केली. खरे शब्द इथे लिहिणार नाही. समजा चमचा, ढग, बकरी असे असले, तर बकरीने चमचा गिळला, तिला उचकी लागली, उचकीने ढग फुटला... नात लहानपणी जेवायची नाही तेव्हा असल्याच गोष्टी सांगून भरवायचे. डोकं ताजं आहे अजून! हॉस्पिटलच्या धुलाईघरात होते तेव्हा डाग बघून सांगायचे, चादर कुठल्या वॉर्डातली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळ्या येऊन गेल्या! एकीचं दुसरीला कळलं. शिडी म्हणाली, "रेडिओचे ठेवलेत म्हणे, मग मी काय घोडं मारलंय?" जुळ्यांची आई दोन्ही पोरं घेऊन आली. एक शब्द सांगायची, एका पोराला दटावायची. शब्द कुठला आणि दटावणं कुठलं कळेना. "थांब" आहे का नाही त्यात, हे दोनदा विचारून घेतलं!

सुनेनेही दिले. भांडी घासता घासता, पाठमोरी. "आई, ठेवा." बस. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही ठेवायला दिलं नव्हतं. तिची गोष्ट मी सगळ्यात सुंदर केली. राजवाडाच बांधला म्हणा.

नातीला यातलं काही बोलले नाही. ओरडेल.

२६ फेब्रुवारी

साखळीवर आज — "बागेसमोरचा म्हातारा चावतो. दात नाहीत, घाबरू नका. फक्त भरवताना चमचा लांब धरा." कुणी लिहिलं कोण जाणे. गाडीत बायका हसून हसून लोळल्या, मुलाला कळेना काय झालं. घरी येऊन मला विचारतो, "आई, तुला माहितीये का?" मी म्हटलं, मला कुठलं काय रे माहीत!

२ मार्च, सोमवार

आज साखळीवर हे आलं. तसंच्या तसं लिहिते, सावकाश वाचलंय मी.

"मोठ्या फाटकाचं घर. बाई अंथरुणाला. त्यांचा मुलगा रात्री आम्हाला दोघींना आत ठेवून खोलीला बाहेरून कडी लावतो. चोरीची भीती म्हणतो. संडास बाहेर. रात्री बाईंना ठसका लागला, श्वास अडकला. मी ओरडले. दार बडवलं. कुणी आलं नाही. उजाडल्यावर कडी काढली. बाई वाचल्या, पण निळ्या पडल्या होत्या. तो म्हणाला, तू झोपली असशील, पोलिसांत देईन. कुणी जाऊ नका तिथे."

कोण असेल? ब्यूरोलासुद्धा नक्की सांगता यायचं नाही. बायका आपापसात बदली करतात, तुझं पोर तापलंय तर आज मी जाते. मॅडमना कळवत नाहीत. मुलगाही नाक्यावरच सोडतो, पुढे कोण कुठल्या घरात शिरलं ते त्याला कुठे दिसतं! आणि त्या घरात बाईचं तोंड कोण बघतंय! आया आली, झालं.

मला सगळ्यांचे शब्द येतात. फोन घेतला आणि एकेक गोष्ट म्हटली तर आत्ता कळेल कोण ते. पण नाही. दुसऱ्याच्या घराची चावी असली म्हणून कपाट उघडून बघतो का आपण?

११ मार्च

त्या घरी कुणी जात नाही! एकीची कंबर, दुसरीची बहीण बाळंतीण, तिसरीला म्हणे फाटकाचीच भीती. मॅडम फोन करून दमल्या. मी पेटीला कोरडं फडकं मारलं आणि म्हटलं, शाबास.

१४ मार्च, शनिवार

कसली शाबास.

त्या घराच्या ओळखीवर ब्यूरोला बाकीची मोठी घरं मिळतात. ते नाराज झाले की ब्यूरो बसला. मॅडमनी आज सगळ्यांना ऑफिसात उभं केलं. म्हणाल्या, तुमची कुजबुज कुठेतरी चालते, हे मला कळतं. कोण पसरवतंय ते सांगा. तोवर कुणालाच काम नाही. कुणालाच! फोन काढून बघितले एकेकीचे. काही कळेना त्यांना.

आणि रेडिओ! रेडिओ ऐटीत म्हणाली, "फोनात काही नाही मॅडम, शोधा हवं तेवढं. सगळ्यांचे शब्द आजींच्या डोक्यात आहेत."

कुठल्या आजी ते मॅडमना विचारावं लागलं नाही. माझा मुलगा शेजारीच उभा होता, गाडीची किल्ली फिरवत.

घरी आला. बूट न काढता बसला. "आई, खरं का?"

"काय खरं?"

"एकीचं उघड. फक्त जिने लिहिलंय तिचं. बाकीच्या सुटतील. मी सुटेन, आई. गाडी काढून घेतील म्हणालेत."

"कुणाचं ते मला कुठे माहीत?"

"मग सगळ्यांची बघ. तुला येतात ना."

चहा दिला. प्यायला नाही. लहानपणी रुसला की असाच बसायचा, खाली मान घालून. तेव्हा नुसतं डोक्यावरून हात फिरवला की उठायचा. आज फिरवला. उठला नाही.

१५ मार्च, रविवार

नातीला कळलं. आली ती उभ्याउभ्याच.

"आजी! मध्ये कुणी नको म्हणून केलं ना मी हे सगळं? दोन वर्षं घातली! आणि तू मध्ये जाऊन बसलीस?"

"मी कुठे बसले ग. मला बसवलं."

"शब्द कुणाला सांगायचे नव्हते!"

"मी कुणी आहे का?"

त्यावर ती हसली पण नाही. पेटीसमोर स्टुलावर बसली. मग म्हणाली, "यांना साखळी नकोच होती. यांना आजी हवी होती. आणि आजीला उचलून न्यायला कितीसा वेळ लागतो?" खरं सांगते, पहिल्या वाक्याला मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. दुसऱ्याला नाही.

म्हटलं, ते मोठ्या फाटकाचं लिहिलेलं पुसून टाक की. मॅडमना म्हणू, असं काही नव्हतंच.

"पुसता येत नाही."

"तुला पण?"

"मला पण. तेच तर..." तिनेच बांधलेली गाठ, तिलाच सुटेना. म्हणाली, सगळ्यांना नवे शब्द घ्यायला सांगते, पण जुनं आहे ते जुन्या शब्दांनी उघडणारच.

सून आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. एकाच चादरीची किती वेळ घडी घालत होती!

१८ मार्च, बुधवार

कामं बंदच आहेत. आज जुळ्यांची आई आली. पोरांच्या दुधात पाणी घालते आता. "आजी, मला शब्द आठवत नाहीत, तुम्ही माझं उघडा आणि मॅडमना दाखवा. मी नाही लिहिलं. माझं दाखवलं की मला काम देतील."

म्हटलं, सांगेन विचार करून. ती गेली तर रेडिओ. "माझं पण दाखवा. मी तर चावणाऱ्या म्हाताऱ्याचंच लिहिलंय!" मग आणखी दोघी. सगळ्यांचं एकच. मी नव्हे, माझं बघा.

बिचाऱ्या! चूक काय त्यांची? स्वतःचंच तर दाखवतायत.

पण दुपारी पडल्या पडल्या डोक्यात आलं आणि उठूनच बसले. प्रत्येकीने आपापलं दार उघडून दाखवलं तर जिचं दार बंद राहील ती कोण ते सगळ्यांना दिसेल की! तिचं कुणी उघडायचीसुद्धा गरज नाही. ह्या चांगल्या बायका, एकेक करून तिला पकडून देणार. आणि हात जोडून देणार.

शिडी आली नाही आज. कालही नाही. शिडी असेल? तिची म्हातारी आई असते तिच्याजवळ. पोलिसांत दिलं तर त्या म्हातारीला कोण बघेल?

१९ मार्च

विसरले. आजपासून मी सगळं विसरले.

२० मार्च, शुक्रवार

सांगायला सोपं आहे! जुळ्यांची आई आली, म्हटलं, "बाई, तुझ्यात ते बकरीचं होतं का? का बकरी दुसरीची?" तिच्यात बकरी नाहीच. तिची गोष्ट मला पाण्यासारखी येते, तिच्यासमोर बसून मनात अख्खी म्हटली.

"आजी, आठवा ना." हात धरले तिने माझे. "आठवा हो."

"आठवेना ग."

रडली. पोरंही रडली. मीही रडले, ते मात्र खरं.

मग रेडिओ. ती चिडली. "ठेवायला जमत नव्हतं तर घेतलं कशाला?" बरोबर आहे तिचं. दारामागची तिची चावी काढून घेऊन गेली. खिळा मोकळा दिसतो.

२३ मार्च, सोमवार

मुलाने डॉक्टरकडे नेलं. त्याला वाटतं मी नाटक करते. मग वाटतं, नसेन करत. मग घाबरतो.

डॉक्टर पोरसवदा, पण माझ्याशी असं ओरडून बोलत होता जणू मी पलीकडच्या इमारतीत आहे. म्हणाला, "आजी, तीन शब्द सांगतो. थोड्या वेळाने विचारीन. पेन, झाड, गाडी."

तीन! माझ्या डोक्यात सगळ्या ब्यूरोचे शब्द आणि हा मला तीन देतो. नको नको म्हणताना गोष्ट झालीसुद्धा — पेनाने झाडाला गुदगुल्या केल्या आणि झाड गाडीत बसून पळालं. हसू यायला लागलं. ओठ चावून धरले.

मग वार विचारला. रविवार म्हटलं. घड्याळ काढा म्हणाला. घड्याळ चुकीचं काढणं किती अवघड असतं, करून बघावं कुणीतरी! हात आपोआप बरोबर जागी जातो. एकच काटा काढला.

"आता ते तीन शब्द?"

"पेन," म्हटलं. "पेन... आणि..."

मुलाकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता त्याने, जसा मी धरायचे रस्ता ओलांडताना. झाड, गाडी — जिभेवर आले. गिळले.

गोळ्या दिल्यात. जिभेखाली ठेवून मोरीत थुंकते.

२५ मार्च

मॅडमनी मान्य केलं म्हणे — म्हातारीचं डोकं गेलं, आता तिच्याकडून काही निघायचं नाही. मुलगा म्हणतो, बरंच झालं एका अर्थी. पण कामं काही सुरू नाहीत. आता त्या म्हणतात, कोण ते नाही कळलं तर नाही. त्या घरी बाई पाठवून दाखवा. तिकडे कुणी गेलं तरच बाकीच्यांची कामं सुरू.

साखळीवर कुणी लिहीत नाही. दिवा हिरवाच आहे. नात दोनदा आली. पेटीकडे बघतसुद्धा नाही. मला भात कालवून भरवायला लागली. तोंड उघडलं. काय करू?

२७ मार्च, शुक्रवार

गॅसपाशी जाऊ देत नाहीत मला. सुऱ्या वरच्या फळीवर. शेजारीण आली आणि माझ्यादेखत मुलाला विचारते, "जेवतात का?" मी इथे बसलेय ना! परवापर्यंत हिच्या नवऱ्याची सगळी लफडी ऐकत होते मी.

सून तेवढी पहिल्यासारखी. आज चहाचा कप पुढ्यात ठेवला, साखरेचा डबाही ठेवला. हळूच म्हणाली, "आई, साखर तुम्हीच घाला. तुम्हाला आठवतं." आणि निघून गेली. कळलंय तिला. गप्प बसलीय. माझ्यासाठीच असेल!

संध्याकाळी शिडी आली. तिची आई आजारी होती म्हणून इतके दिवस नव्हती. मी म्हटलं, चला, जिच्यासाठी हे केलं ती आली. तर ती कपाळाला हात लावून म्हणते, "अहो आजी, माझं उघडून दाखवायला सांगणार होते मी. मी कशाला लिहीन? मी त्या घरी कधी गेलेच नाही!"

मग कोण?

२९ मार्च, रविवार

सुटलं एकदाचं! मुलानेच तोड काढली. काल मॅडमना जाऊन सांगितलं, कुणी जात नाही ना, माझी बायको जाईल. घरातलंच माणूस आहे, मागे हटणार नाही. मॅडम खूश. उद्यापासून सगळ्यांची कामं सुरू. जुळ्यांच्या आईलाही घर दिलं, जवळचंच. गाडीही राहिली.

"मी मॅडमना शब्द दिलाय," मुलगा सुनेला म्हणाला. "थोडे दिवस. मग दुसरी बघतील."

सून भाजी चिरत होती. "बरं," म्हणाली.

धीराची आहे माझी सून. मीच उगाच इतकी वर्षं तिला घुमी म्हणत आले. किती दिवसांनी घरात सगळे एका वेळी जेवले! मुलाने दोनदा भाजी घेतली. मी विसरल्याचं विसरून एक जुना किस्सा अख्खा सांगितला, नावगाव, तारखेसकट. कुणाच्या लक्षातच आलं नाही. एक सून बघत होती.

३० मार्च, सोमवार

सून पिशवी भरत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, कडी लावायला आले तर घाबरू नकोस, चांगली मोठ्याने ओरड.

"ओरडून कुणी येत नाही, आई," ती म्हणाली. "मागच्या वेळी ओरडले होते मी."

खाली मुलाने गाडीचा हॉर्न वाजवला.